नाताळच्या पंगतीचा हिशेब : ताटामागे किती आणि कुठून



कांदा लागवडीची नोंद टाकायची राहिली आहे, ती पुढच्या खेपेला. आज जेवणावळीचा हिशेब लिहितो. तुम्ही म्हणाल, शेतीच्या पानावर स्वयंपाक कशाला? पण हे जेवण सप्टेंबरपासून शेतात आणि अंगणातच वाढलंय, म्हणून इथंच लिहितो.

आमच्या वाडीवर ख्रिस्ती समाजाची २७ घरं आहेत. नेवासा तालुका, मुळा उजव्या कालव्याचं टेल, जमीन मध्यम काळी. दर २५ डिसेंबरला सकाळची उपासना झाली की चर्चच्या अंगणात प्रीतिभोजन असतं. म्हणजे सगळी मंडळी एका पंगतीला. पुण्या-पिंपरीला आणि संभाजीनगरला कामाला गेलेली पोरं येतात, गावातली शेजारपाजारची माणसं येतात. यंदा १५० ताटं धरली आहेत, त्यात चाळीसेक लहान पोरं.

गेल्या वर्षीचा आकडा आधी सांगतो, मग यंदाचा कळेल. गेल्या वर्षी घरटी ५०० रुपये वर्गणी ठरली. मटण २२ किलो, ७६० च्या भावानं १६,७२०. आचाऱ्याचे ४,०००, मांडव आणि खुर्च्यांचे ३,०००, किराणा २,६८०. एकूण २६,४०० रुपये आणि ताटं १४०. म्हणजे ताटामागं १८८ रुपये पडले. वर्गणी २३ घरांची जमली, ११,५००. उरलेले १४,९०० नोकरीवाल्या दोघा भावांनी घातले. जेवण उत्तम झालं, त्यात वाद नाही. पण चार घरांची वर्गणी आली नाही, आणि त्यातली दोन घरं जेवायलाच आली नाहीत.

त्यातलं एक घर आमच्या आळीतल्या मावशीचं. नवरा नाही, जमीन नाही, खुरपणी आणि कांदा लागवडीच्या मजुरीवर घर चालतं. मी त्या दिवशी बोलवायला गेलो तर म्हणाल्या, “आमचं जेवण झालंय दादा.” चूल तर पेटलेली दिसत नव्हती. परत दुसऱ्यांदा गेलो तेव्हा खरं बोलल्या, “हातात काही न घेता ताटावर कसं बसायचं? पोरांना पाठवते, मला आग्रह करू नका.” पोरंही आली नाहीत.

हे मी ऑगस्टच्या शेवटी मंडळीच्या बैठकीत मांडलं. आमचे खजिनदार तात्या म्हणाले, “मग काय, त्यांना माफ करू वर्गणी.” मी म्हणालो, माफी नको, माफीचंच त्यांना जड जातं. वर्गणीच बंद करा. पैसे ज्याला जमतील त्यानं पेटीत टाकावेत, नाव न लिहिता. आणि बाकी सगळं शेतातून, परड्यातून आणि हातातून यावं. ते मात्र वहीत लिहायचं, सगळ्यांचं एकाच वहीत. ‘बाजरी १० किलो’च्या खाली ‘सरपण एक दिवस’ आणि त्याखाली ‘भांडी घासणे’, असं एकाखाली एक. मजुरांची वेगळी यादी करायची नाही. यावर पाऊणएक तास वाद झाला. कोणी म्हणालं, नाताळला मटण नाही म्हणजे काय नाताळ झाला? दोन बोकड घ्या म्हणाले. आपल्याकडं संगमनेरी नाहीतर उस्मानाबादी बोकड २२ किलोचा घेतला तर दहा-अकरा किलो मटण पडतं. जिवंत भाव किलोला ४०० धरा, दोन बोकडांचे १७,६०० झाले. पुन्हा तिथंच आलो. पाळकसाहेबांनी शेवटी विचारलं, कोंबडी चालेल का? आणि तिथून पुढचं गणित सुरू झालं.

बैठक झाली तेव्हा सप्टेंबरचा पाऊस यायचा होता, हे मुद्दाम सांगतो. नंतर काय झालं ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे. कपाशीची बोंडं झाडावर सडली, सोयाबीनला शेंगेतच मोड आले, कांद्याची रोपं दोनदा गेली. वर्गणी ठेवली असती तर यंदा चारच्या जागी बारा घरं मागं राहिली असती.

आता पिल्लांचं. हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेच्या सुमाराला, म्हणजे ८ सप्टेंबरच्या आसपास, ४० पिल्लं आणली. गिरीराज जातीची, एक महिन्याची, पहिल्या लसी झालेली. ८५ रुपयाला एक, म्हणजे ३,४०० रुपये, मंडळीच्या शिलकेतून. एक दिवसाची पिल्लं स्वस्त मिळतात, पण त्यांना ऊब द्यावी लागते, बल्ब लावावा लागतो, आणि आपल्याकडच्या लाईटचा भरवसा तुम्हाला माहीत आहे. महिन्याचं पिल्लू अंगणात सोडलं तरी तगतं.

आठ घरांना पाच-पाच वाटली. ज्या चार घरांची वर्गणी आली नव्हती, त्यांना आधी विचारलं. अट एकच : मादी सांभाळणाऱ्याच्या घरात राहील, नर नाताळच्या पंगतीला येईल. मादी म्हणजे सांभाळण्याची मजुरी. पायात रंगीत दोरा बांधला, कोणाचं कोणतं ते कळावं म्हणून. खाद्याला ९०० रुपये दिले. पहिले दोन-तीन आठवडे थोडं तयार खाद्य, नंतर बाजरीची कणी, मक्याचा भरडा, भाजीचा पाला आणि घरातलं खरकटं.

लसीचं एक लक्षात ठेवा. थंडीच्या तोंडावर मानमोडी आली की अख्खं गाव साफ होतं. साधारण आठव्या आठवड्याला ‘आर टू बी’ ची लस द्यायची. त्याची बाटली १०० डोसाची असते आणि एकदा मिसळली की दोन तासांच्या आत, थंड ठेवून, संपवावी लागते. पाच कोंबड्यांसाठी कोणी १०० ची बाटली फोडत नाही, म्हणून एकेकट्याच्या कोंबड्या लसीवाचून राहतात. आम्ही ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी, कोंबड्या सोडायच्या आधी, आठही घरं एका दमात केली आणि उरलेली लस शेजारच्यांच्या कोंबड्यांना दिली. नंतर रोगानं एकही गेली नाही.

मर सांगतो. ४ पिल्लं त्या पावसात गारठून मेली. एक मुंगसानं नेलं, दोन कुत्र्यांनी. राहिली ३३, त्यात १४ माद्या आणि १९ नर. नोव्हेंबरात एका घरात पोरगं आजारी पडलं, दवाखान्याला पैसे नव्हते. त्यांनी येऊन विचारलं, दोन नर विकू का? बाजारात तेव्हा चांगले पैसे येत होते. वहीत लिहिलं, ‘२ नर, दवाखाना’, आणि विषय संपला. तात्यांनी तेवढंच विचारलं, पोरगं बरं आहे ना. बरं आहे.

परवा रविवारी, १४ तारखेला, सतराही नरांचं वजन केलं. सरासरी २ किलो १५० ग्रॅम भरली. सगळ्यात जड २ किलो ६०० चा, तो मावशीकडचा. त्यांच्या पाचांपैकी एकही पिल्लू मेलं नव्हतं. पावसात रात्री टोपलीखाली झाकून, वरून युरियाची गोणी टाकून, चुलीपाशी ठेवली होती म्हणे. एकूण जिवंत वजन साडेछत्तीस किलो. आपल्याकडं पिसं काढून वरून भाजून घेतात, कातडीसकट, तेव्हा शंभराला सत्तर पडतात. म्हणजे साडेपंचवीस किलो. १५० ताटांतली पंधरा ताटं माळकऱ्यांची, शाकाहारी. उरलेल्या १३५ ताटांना प्रत्येकी १९० ग्रॅमच्या आसपास, हाडासकट. रश्शाला भरपूर झालं.

शेतीशाळेत येणारे एक साहेब आहेत, त्यांना हे सांगितलं तर त्यांनी बरोबर जागी बोट ठेवलं. म्हणाले, “पिल्लं आणि खाद्य मिळून ४,३०० गेले. साडेपंचवीस किलो ब्रॉयलर २२० नं आणलं असतं तर ५,६१० लागले असते. तेराशे रुपयांसाठी साडेतीन महिने कशाला राबलात?” प्रश्न रास्त आहे. पण १४ माद्या घरोघरी आहेत त्या धरा. आता अंड्यावर यायला लागल्या आहेत, कमीत कमी ३५० ला एक जाते. ते ४,९०० झाले, आणि ते त्या आठ घरांचे. हे मी खर्चातून वजा केलेलं नाही, कारण तो पैसा पंगतीचा नाही.

रश्शाला दीड तास धरलाय. चार-साडेचार महिन्यांचा अंगणातला नर ब्रॉयलरसारखा वीस मिनिटांत शिजत नाही. घाई केली तर मटण वातड लागतं आणि माणसं म्हणतात, यापेक्षा ब्रॉयलर बरं होतं. वाटणाला सुकं खोबरं यंदा महाग, म्हणून एक किलोच घेणार, बाकी एक किलो शेंगदाणे भाजून कूट. काळा मसाला प्रत्येकीनं उन्हाळ्यात केलेला असतोच. घरटी वाटी-अर्धी वाटी आली तरी सव्वा किलो होतो. मात्र मसाले वेगवेगळ्या घरचे, तिखटाचा अंदाज राहत नाही, म्हणून आदल्या दिवशी एकत्र कालवून थोड्या रश्शात चव बघायची. कांदा लाल व्हायच्या आत मसाला टाकला की रस्सा कच्चा लागतो, हे माझं नाही, घरच्यांचं म्हणणं आहे.

आता शेतातलं. डिसेंबरचा शेवटचा आठवडा भाजीपाल्याला सोन्यासारखा असतो. ओल्या तुरीच्या शेंगा, वाटाणा, वांगी, गाजर, मेथी, कोथिंबीर सगळं एका वेळी येतं. दिवाळीलाही असं येत नाही. फक्त पेरणीची तारीख उलटी मोजावी लागते. वाटाणा अर्केल, ओल्या शेंगांना ६० ते ७० दिवस. पाऊस उघडल्यावर वाफसा यायला वेळ लागला, १४ ऑक्टोबरला टोकला, दोन गुंठेच. आता शेंगा भरल्यात, २३-२४ ला तोडणार. कोथिंबीर १० नोव्हेंबरला. धने रगडून दोन फाकी करायच्या, रात्रभर भिजवायचे, मग पेरायचे, नाहीतर उगवायलाच पंधरा दिवस खाते. एरवी ४० दिवसांत येते, थंडीत चार-पाच दिवस मागं पडते, तेवढे आधी धरले. मेथी २२ नोव्हेंबरला. गाजर मात्र पावसात झालंच नाही, ते विकत न घेता पानातून काढून टाकलं. कोशिंबिरीला मुळा आणि कांदा आहे.

वांगी जुलैतली आहेत, गादीवाफ्यावर होती म्हणून वाचली. त्यावर शेवटची फवारणी ५ डिसेंबरला, तीसुद्धा निंबोळी अर्काची. अळी दिसतेय, दिसू द्या. किडकं वांगं चिरताना फेकता येतं. दीडशे माणसांच्या पानात जाणार आहे, त्यात चाळीस पोरं. बाजारासाठी माल काढतानाही हे पाळायला पाहिजे, पण पाळलं जात नाही. असो.

माळकऱ्यांचं सांगतो. आमचा नेवासा म्हणजे ज्ञानेश्वरी जिथं सांगितली गेली तो. शिवारात माळकरी पुष्कळ, आणि ते आमच्या नाताळला येतात, आम्ही त्यांच्या सप्त्याला जातो. त्यांचा स्वयंपाक वेगळ्या चुलीवर, वेगळ्या भांड्यात, सकाळी सगळ्यात आधी होतो. ओल्या तुरीच्या दाण्यांची आमटी, वांगी-बटाटा-वाटाण्याची भाजी, भात, भाकरी, लापशी. ही आमटी-भाजी सगळ्यांच्याच पानात असते, त्यामुळं कोणाला वेगळं पडल्यासारखं वाटत नाही. यासाठी गावानं सप्त्याची भांडी दिली. त्या भांड्यांत कोंबडी शिजणार नाही हे आम्हीच आधी सांगितलं. रश्शाच्या पातेल्यांसाठी तेवढं भाडं द्यावं लागेल, ५०० रुपये. यंदा २५ ला गुरुवार आहे, पण तोवर मार्गशीर्ष संपलेला असेल, त्यामुळं मार्गशीर्षातल्या गुरुवारची अडचण नाही. तरी काही जण बारमाही गुरुवार पाळतात, म्हणून आमटी वीस ताटांची जादा धरली.

भाकरी बाजरीची. घरटी १२ भाकरी, २७ घरांच्या ३२४. साधारण २३ किलो पीठ. यात बायांना त्रास आहे, कारण हेच दिवस कांदा लागवडीचे. दिवसभर वाफ्यात वाकून आल्यावर १२ भाकरी जास्त थापायच्या म्हणजे काय, ते थापणारीलाच ठाऊक. म्हणून ठरलं की २५ ला आणि २४ ला दुपारनंतर आपल्या वाडीवर कोणाचीच लागवड नाही. मुकादमीणबाईंना आधीच सांगून ठेवलंय. ज्यांच्याकडं बाजरी नाही त्यांना पीठ वहीतल्या बाजरीतून जाईल, भाकरी त्यांच्या हातची.

गोडाला लापशी. गहू भरडून ७ किलो, गूळ ७ किलो. तूप दीड किलो, ते दोन गाईवाल्यांनी कबूल केलंय. केक पाहिजेच, पोरांचा हट्ट. बेकरीतून दीडशे जणांना केक आणायचा म्हणजे कोंबड्यांइतकेच पैसे. सूनबाई रव्याचा करते : दोन वाट्या बारीक रवा, एक वाटी साखर, एक वाटी दही, अर्धी वाटी तेल, लागेल तसं दूध, अर्धा तास भिजवून मग खायचा सोडा. जाड बुडाच्या पातेल्यात वाळू तापवून त्यावर भांडं ठेवायचं, मंद आचेवर पाऊणएक तास. पाच केले की प्रत्येकाला एक तुकडा येतो. खर्च ६०० च्या आत. करंज्या, शंकरपाळ्या, चिवडा घरोघरी होतोच, तो या हिशेबात नाही. यंदा आमच्या आळीत चार घरांनी एकच कढई लावली, तेल एकदाच तापलं, तेवढं वाचलं.

एकूण रोख खर्च असा : पिल्लं ३,४००, खाद्य ९००, तांदूळ १० किलो ५००, गूळ ३५०, तेल ६ लिटर ९००, खोबरं ३६०, चहा-साखर-दूध ४००, केक ६००, भांड्यांचं भाडं ५००, मीठ-हळद-वेलची-किरकोळ ४००. बेरीज ८,३१०. ताटामागं साडेपंचावन्न रुपये.

पण घरचं म्हणजे फुकटचं नाही. आपण शेतकरी इथंच फसतो, घरचं धान्य आणि घरचं राबणं हिशेबात धरतच नाही. म्हणून तेही बाजारभावानं धरलं : बाजरी ६५०, भाजीपाला ६२५, मसाला ६२५, तूप ९७५, गहू २१०, कांदा १८०, लसूण-आलं-शेंगदाणे २००. झाले ३,४६५. दोन्ही मिळून ११,७७५, ताटामागं साडेअठ्ठ्याहत्तर. मजुरी धरलेली नाही, ती धरली तर मटणाच्या जवळ जाऊ, हेही खरं.

मांडव नाही. चर्चच्या अंगणात चिंच आहे, डिसेंबरचं ऊन आहे. ताट-तांब्या ज्याचा त्यानं आणायचा, त्यामुळं पत्रावळ्यांचा खर्चही नाही आणि दुसऱ्या दिवशी कचराही नाही. नोकरीवाल्या पोरांना ताट घेऊन यायला लाज वाटते की काय ते बघू.

आई सांगायची, ७२ च्या दुष्काळात नाताळला मिलोची भाकरी आणि हुलग्याचं माडगं होतं. सगळी माणसं बंडिंगच्या कामावरून आली होती. मी तेव्हा रांगत होतो. पंगत तेव्हाही याच अंगणात बसली होती, वर्गणी कसली आलीय.

पेटीत आजपर्यंत ६,९०० जमलेत, १,४१० कमी आहेत. २० तारखेपर्यंत पोरं गावाला यायला लागतील, तेव्हा भरतील असं वाटतं. नाहीच भरले तर खोबरं आणि अर्धं तेल कमी करू, पण कोणाकडं मागायला जायचं नाही असं ठरलंय.

वहीत काल शेवटची नोंद मावशींची पडली. २ नर आणि मोठी चूल. चर खणायचा, बाभळीची लाकडं आणि तुराट्या रचायच्या, रस्सा त्या बघणार. स्वयंपाकाला त्यांच्या हाताखाली चार बाया आणि आमच्यासारखे सहा बाप्ये. मला त्यांनी कालच बजावलं, “दादा, तुराट्या ओल्या आणू नका, धुरानं डोळे जातात. आणि शेंगदाणे तुम्ही भाजू नका, करपवाल.” तुराट्या आज पत्र्याखाली रचून ठेवल्या. शेंगदाणे घरचे भाजणार आहेत.

कालव्याचं आवर्तन २४ च्या रात्री आमच्या चारीवर येईल असा अंदाज आहे. गव्हाची पाळी कोण धरणार, ते अजून ठरायचं आहे.